झूल, शिंगं आणि लॅम्बोर्गिनी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी बेळगावच्या खानापूर रोडवर, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीच्या गॅरेजसमोर पोपटी रंगाची लॅम्बोर्गिनी हुराकान फ्लॅटबेडवरून उतरवली गेली. गोव्याला निघालेली गाडी जांबोटीच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर नाकानं बसली होती. बंपरखालची फायबरची पट्टी, जिला पोरं स्प्लिटर म्हणतात, मधोमध फाटून लोंबत होती. गाडीला अख्खं वाइड बॉडी किट, म्हणजे अंग रुंद दिसावं म्हणून बाहेरून लावायच्या भागांचा संच, चढवलेलं. चारही मडगार्डांवर उघड्या बोल्टांनी आवळलेल्या फुगीर कडा, आणि मागं दोन धोतरं वाळत घालावीत असा पंख. दहा मिनिटांत रस्ता भरला आणि पंधराव्या मिनिटाला वाद सुरू झाला. विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, "एवढी देखणी गाडी, आणि तिची काय ही विटंबना!" त्यावर एका कंत्राटदाराचा मुलगा उसळून म्हणाला, "गाडी त्याची, पैसे त्याचे, तुझं काय जातंय?" पुढचा अर्धा तास हीच दोन वाक्यं आवाज चढवत फिरत राहिली. मिस्त्री मात्र उकिडवा बसून फाटलेली कड बोटानं चाचपत होता. गर्दीतल्या एकाही माणसानं त्याला विचारलं नाही.

हा वाद जगभर याच दोन वाक्यांत अडकलेला आहे. एका बाजूला पावित्र्य, दुसऱ्या बाजूला मालकी. मला दोन्ही पटत नाहीत. गाडीला किट लावणं यात अधर्म काही नाही. पण गाडी माझी आहे एवढ्यानं विषय संपत नाही, कारण शंभर वर्षं टिकेल अशी वस्तू बिघडवण्याचा हक्क वीस वर्षांच्या मालकाला आपोआप मिळत नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. काम कसं केलंय? केलेलं परत काढता येतं का? आणि अशी दुसरी वस्तू जगात किती शिल्लक आहे? हे प्रश्न बाजूला ठेवून भांडायचं असेल तर खुशाल भांडावं, पण तो मग गाड्यांबद्दलचा वाद राहत नाही.

आधी पावित्र्याचं बघू. आपल्याकडे त्याला सोपा शब्द आहे, 'कंपनी फिटिंग'. जुनी गाडी विकताना माणूस छाती फुगवून सांगतो, "सगळं कंपनीचं आहे, हात लावलेला नाही." गंमत अशी, की ज्या गाड्यांच्या नावानं हे सोवळं पाळलं जातं त्यांचा जन्मच या सोवळ्यात झालेला नाही. माझ्या पिढीनं एनएच फोरवर एक दृश्य नेहमी पाहिलेलं आहे. ट्रकची नुसती चासी, वर केबिन नाही, लाकडी फळीच्या सीटवर मफलर गुंडाळून आणि गॉगल लावून बसलेला ड्रायव्हर, डोळ्यांत किडे-धूळ झेलत बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेला. कंपनी इंजिन आणि चासी देणार, अंग घडवणार सुतार आणि पत्रेवाला. १९५० च्या आसपासची फेरारी याहून फार वेगळी नव्हती. कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी, त्याला इंजिनात रस होता. अंग चढवायला चासी जायची ती पिनिन फारिना, विन्याले, टुरिंग, स्कालिएत्ती अशा बाहेरच्या कारखान्यांत, आणि तिथं पत्रा ठोकून ठोकून आकाराला यायचा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. यातली 'मूळ' कुठली?

आणि १९६२ सालची ती गोष्ट तर या वादात कुणी काढतच नाही. काउंट जोव्हान्नी व्होल्पीच्या शर्यतीच्या टीमला फेरारीनं २५० जीटीओ ही शर्यतीची नवी गाडी द्यायला नकार दिला. कारण फेरारीतून बाहेर पडावं लागलेल्या लोकांना व्होल्पीनं जवळ केलं होतं. त्यांच्यातलाच एक जोत्तो बिझ्झारिनी, जीटीओ घडवण्यात ज्याचा मोठा हात होता तो. त्यानं जुनी २५० जीटी एसडब्ल्यूबी घेतली, इंजिन खाली आणि मागं सरकवलं, नाक चपटं केलं आणि छत सरळ मागच्या टोकापर्यंत ओढून तिथं कुऱ्हाडीनं तोडल्यासारखं कापलं. दिसायला अगदीच विचित्र. इंग्रजांनी तिला पाववाल्याची गाडी म्हणून हिणवलं. पण त्या वर्षीच्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत हीच पाववाल्याची गाडी नव्याकोऱ्या जीटीओंच्या पुढं धावत होती, ड्राइव्हशाफ्ट तुटून बाहेर पडेपर्यंत. आज तीच गाडी लोक डोळे भरून पाहतात. व्होल्पीच्या गॅरेजसमोर त्या दिवशी माझा भाचा उभा असता तर काय म्हणाला असता?

याहून जवळचं उदाहरण द्यायचं तर माझ्या स्वतःच्या भिंतीवरचं. उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने घडवतात तिथं, मी तीस वर्षं काढली. तिथं माझ्या बाकामागं लॅम्बोर्गिनी काउंटाशचं एक पोस्टर होतं, रंधा मारताना उडालेल्या भुश्श्यानं पिवळं पडलेलं. रुंद मडगार्ड, जाडजूड टायर, मागं व्ही आकाराचा पंख. आम्हाला वाटायचं हेच तिचं रूप. पुढं कळलं, की मार्चेल्लो गांदिनीनं काढलेली आणि १९७४ पासून विकली गेलेली पहिली काउंटाश सडपातळ होती, तिला ना पंख ना फुगीर कडा. ते सगळं वॉल्टर वुल्फ नावाच्या एका श्रीमंत गिऱ्हाइकानं हट्टानं स्वतःच्या गाडीवर करवून घेतलं, आणि ते बघून कंपनीनं १९७८ च्या एलपी ४०० एस मध्ये उचललं. त्या पंखानं गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे १६ किलोमीटरनं घटायचा, तरी गिऱ्हाइकं पंख मागून घ्यायची. म्हणजे ज्या रूपाला 'हात लावू नका' म्हणून आज लोक डोळे वटारतात, ते रूप मुळात एका गिऱ्हाइकाचं बॉडी किट होतं. कंपनीनं केलं की स्पेशल एडिशन आणि गिऱ्हाइकानं केलं की विटंबना, हा कुठला न्याय? याच कंपन्या आज रंग, कातडं, शिवण सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीनं करून देणारे विभाग चालवतात, आणि त्याचे पैसेही सणसणीत घेतात. तेव्हा पावित्र्य कुठं जातं?

भाच्याचं एक म्हणणं मात्र मला खाली बसून ऐकावं लागलं. तो म्हणाला, "मामा, या आकारावर माणसांनी वर्षानुवर्षं विंड टनेलमध्ये, वाऱ्याच्या झोतात गाडी तपासत, घालवलेली असतात. वारा कुठून आत घ्यायचा, कुठून बाहेर सोडायचा, ब्रेक कशानं थंड राहतील, धडक बसली तर कुठला भाग आधी चेपला पाहिजे, सगळं ठरलेलं असतं. त्यावर हा फायबरचा तुकडा चिकटवायचा?" हे खरं आहे, आणि पॅटर्नमेकरला ते शिकवायला लागत नाही. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, आतला कोपरा आम्ही काटकोनात ठेवत नाही, गोलाई देतो, कारण काटकोनात धातू थंड होताना तडकतो. पॅटर्नच्या उभ्या बाजूला किंचित उतार देतो, कारण नाहीतर वाळूच्या साच्यातून तो सुटत नाही, कड मोडून येते. बघणाऱ्याला ती गोलाई शोभेची वाटते. आकारामागं कारण असतं, आणि ते न कळता आकार बदलणारा माणूस घातक असतो. मागचा पंख जोरात खाली दाबणारा आणि पुढं त्याला तोलणारं काहीच नाही, अशी गाडी वेगात नाकानं हलकी होते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. किटवाल्यांपैकी पुष्कळ जण ही बेरीज-वजाबाकी करत नाहीत. त्यांचा माल नुसता फोटोसाठी असतो.

पण यातून निघतं ते एवढंच, की वाईट काम वाईट असतं. मिस्त्रीनं त्या दिवशी मला जवळ बोलावलं. आधी मूळ दारावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, मग मडगार्डावरच्या फुगीर कडेवर. दारावर भरीव आवाज आला, कडेवर 'टप्प', रिकाम्या डब्यासारखा. "बघा काका, आत फायबरच्या मॅटचा थर एका जागी जाड, एका जागी पातळ. रेझीन गोळा झालंय. आणि हे बघा." त्यानं कडेच्या आत टॉर्च मारला. आतला मूळ पत्रा ग्राइंडरनं कापला होता, करवतीच्या दातांसारखा, आणि कापलेल्या कडेला ना प्रायमर ना सीलंट, पांढरी बुरशी धरलेली. बाहेरून आरशासारखा पॉलिश, आत हे. चांगलं काम करणारे जगात आहेत. फायबर नीट ओतणारे, कापलेली कड दुमडून सील करणारे, वजन मोजणारे आहेत. मग राग किटवर काढायचा की हे असं काम खपवणाऱ्यावर? भाच्याच्या मुद्द्याचं टोक खरं तर इकडं वळायला हवं होतं. ते विटंबनेकडे वळलं, कारण विटंबना म्हणणं सोपं असतं, आणि त्यासाठी टॉर्च घेऊन आत बघावं लागत नाही.

'मूळ' आणि 'शुद्ध' या शब्दांशी आम्हा सीमाभागातल्या माणसांचं जुनं भांडण आहे, म्हणून थोडं विषय सोडून बोलतो. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून हसतात, त्यात कानडी मिसळलंय म्हणून. आणि घरी गेल्यावर तूप वाढून घेतात, अडकित्त्यानं सुपारी कातरतात, थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. हे शब्द कुठून आले ते बघत नाहीत. हार्मोनियमचंही तेच. युरोपात पायानं भाता मारत खुर्चीवर बसून वाजवायचं हे वाद्य, कलकत्त्यात त्याचे पाय काढले, भाता मागं हाताशी आणला आणि पेटी जमिनीवर बसवली. म्हणजे किटच की. शुद्धतावाद्यांचा आक्षेप होता, की यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप अगदी खरा. त्या जोरावर १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण दरम्यान आमच्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे ती पेटी अशी वाजवत होते, की ऐकणाऱ्याला मींडेची उणीव आठवत नसे. उणीव खरी, आणि वाजवणाऱ्याचा हातही खरा. निकाल लावताना दोन्ही मोजावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूकडं, 'गाडी माझी' वाल्यांकडं. जानेवारी २०२३ मध्ये जपानच्या लिबर्टी वॉक या किट बनवणाऱ्या कंपनीनं टोकियो ऑटो सलोन या गाड्यांच्या प्रदर्शनात वाइड बॉडी चढवलेली फेरारी एफ ४० उभी केली, तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. हीच लिबर्टी वॉक हुराकानला किट लावते तेव्हा लोक नाक मुरडून पुढं जातात. फरक कुठला? एफ ४० ही १९८७ साली आलेली, एन्झो फेरारीच्या हयातीत मंजूर झालेली शेवटची गाडी. एकूण साधारण तेराशे बनल्या, आता नव्या बनणार नाहीत. आतून दार उघडायला मूठ नाही, नुसती दोरी. खाली गालिचा नाही. म्हणजे जे अनावश्यक ते सगळं काढून टाकणं हीच तिची ओळख. हुराकान २० हजारांहून जास्त बनल्या. एक बिघडली तर बाकीच्या आहेत.

आमच्या भागात ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर होतो. बैलाच्या अंगावर झूल पडते, शिंगांना हिंगूळ लागतो, गळ्यात घुंगूरमाळा येतात. याला बैलाची विटंबना कोणी म्हणत नाही, कारण संध्याकाळी मिरवणूक झाली की झूल उतरते. शिंगं तासायची वेळ आली मात्र, की तोच शेतकरी जाणत्या माणसाला बोलावतो, दहादा विचारतो, बैलाला नीट धरून ठेवतो, कारण जादा तासलं तर रक्त येतं आणि तासलेलं परत बसवता येत नाही. झूल आणि शिंग यांतला हा फरक ज्याला कळतो त्याला बॉडी किटचा अर्धा वाद कळला. गाडीवर रॅप, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकचं आवरण, चढवलं, बोल्टानं काढता येणारी पट्टी लावली, चाकं बदलली, ती झूल. पत्रा कापला, ते शिंग. खानापूर तालुक्यात हलशीच्या वाटेवरच्या गावांत जाऊन बघा, शेकडो वर्षांच्या काळ्या दगडी देवळांच्या खांबांना भाविकांनी श्रद्धेनं ऑइल पेंट फासलाय, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरश्या बसवल्यात. देऊळ गावाचं, पैसे गावाचे, भक्तीही खरीच. तरी माझ्या पोटात तुटतं, आणि एफ ४० चं मडगार्ड कापायची कल्पना ऐकली की तसंच तुटतं. यात पावित्र्याचा प्रश्न नाही. असे खांब आता कोणी घडवणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. मालक मालक असतो हे कबूल, पण अशा वस्तूचा मालक मला थोडा पुजाऱ्यासारखा वाटतो. पाळी संपली की किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची असते.

नक्कल हे प्रकरण मी बदलापासून वेगळं काढतो. फेरारीनं मॅन्सोरी या जर्मनीतल्या किटवाल्या कंपनीविरुद्ध खटला लढवला. तक्रार अशी, की रस्त्यावर चालणाऱ्या ४८८ जीटीबीला किट लावून ती एफएक्सएक्स के सारखी दिसावी असं केलं जातं, जी फक्त ट्रॅकवर चालवायची, मोजक्या संख्येची गाडी आहे. २८ ऑक्टोबर २०२१ ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की अख्ख्या गाडीचे फोटो प्रसिद्ध केले तरी त्यातल्या ठळकपणे दिसणाऱ्या भागाच्या आकारालाही, नोंदणी नसताना, संरक्षण मिळू शकतं. मला हे रास्त वाटतं. पॅटर्न शॉपमध्ये दुसऱ्याच्या कास्टिंगवरून साचा उचलणाऱ्याला आम्हीही चांगलं म्हणत नव्हतो. आपल्याकडे फॉर्च्युनरला जाळी बदलून लेक्सस करायची लाट आहे, ती याच जातीची. स्वतःचं काही बोलायचं असेल तर मडगार्ड फुगवा, पंख लावा, हसू झालं तरी चालेल. दुसऱ्याचं नाव कपाळावर चिकटवून फिरण्यात कसली हौस?

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकात कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. हेतू चांगला आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. पण अंमल बघा. बुलेटचा सायलेन्सर बदललेल्या, स्विफ्टला पंख लावलेल्या पोराला चौकात अडवून पावती फाडतात. आमच्या त्या पोपटी लॅम्बोर्गिनीभोवती मात्र खाकीतलाही एक जण फोटो काढून घेत होता. प्रत्येक बदलामागं पाच हजार लावले असते तर गाडीवर पन्नास-साठ हजार झाले असते, आणि मालकानं ते पेट्रोलसारखे मोजले असते. मग हा दंड नेमका कुणासाठी?

यावर 'सगळंच चालू द्या' हे उत्तर नव्हे, आणि 'सगळं बंद करा' हेही नव्हे. सीएनजीचं किट आपण बसवतोच की! मान्यता मिळालेलं किट, मान्यता असलेला बसवणारा, मग आरटीओकडे तपासणी आणि पुस्तकात नोंद. ज्वालाग्राही वायूची टाकी डिकीत ठेवण्याला ही वाट आहे, मग मडगार्डाच्या कडेला का नसावी? जर्मनीत सुटा भाग असो की किट, तपासणी होऊन कागद मिळाल्याशिवाय रस्त्यावर चालत नाही, आणि तरीही मॅन्सोरीसारखी कंपनी तिथंच उभी राहते. कागद मागितला की फोटोपुरता माल बनवणारे आपोआप गळतील, आणि खरं काम करणाऱ्याला नाव मिळेल. कोणी म्हणेल, आरटीओत तो कागदही विकत मिळेल. मिळेलही. पण तो आरटीओचा आजार झाला. त्यापायी मडगार्डावर बंदी कशाला?

त्या दिवशी चारच्या सुमाराला वाद करणारे पांगले. भाचा चहा प्यायला गेला, कंत्राटदाराचा मुलगा त्याच्याच गाडीवर मागं बसून. मालकानं मिस्त्रीला विचारलं, "जोडून मिळेल काय?" मिस्त्री म्हणाला, "जोडून दिलो तर परत त्याच स्पीडब्रेकरवर फाटंल साहेब. नवीनच करून देतो. आठ दिवस ठेवा." आठवड्यानं मी गेलो तेव्हा फाटलेल्या तुकड्यावरून उचललेला साचा बाकावर होता, मेण पुसून चकचकीत केलेला. त्यानं पट्टीची पुढची कड दोन बोटं वर घेतली होती, आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली होती, आणि खालून ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचा रबर रिवेटनं बसवला होता, आपटलं तर वाकावं, तुटू नये म्हणून. मडगार्डाच्या आतली कापलेली कडही घासून, प्रायमर मारून बंद केली होती, मालकानं सांगितलं नव्हतं तरी. मी गोलाईवरून अंगठा फिरवला. "हे कुणी शिकवलं?" म्हटलं. तो हसला. "तुमच्याच शॉपमध्ये हेल्पर होतो की दोन वर्षं, विसरलासा काय?"